केर कुणाच्या वाट्याचा?

शाळेत मुलांच्या हाती झाडू दिसला की कर्नाटकातल्या आमच्या मराठी सीमाभागात हमखास वाद पेटतो. कुणीतरी मोबाईलवर चित्रण करतं, ते गावभर फिरतं, एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत आवाज चढतात. एक बाजू म्हणते, पोरं शिकायला पाठवतो आम्ही, केर काढायला नव्हे. दुसरी म्हणते, आम्ही शेणानं शाळा सारवलीच की, काय बिघडलं आमचं? खानापूर असो, निपाणी असो, बेळगावच्या आसपासची खेडी असोत, वाक्यं तीच. आता हा वाद शाळेच्या फाटकातून घरात शिरला आहे. चार-पाच वर्षांच्या लेकराला खेळणी आवरायला, ताटं मांडायला, ओसरी झाडायला सांगावं की नाही, यावर सासू-सुना आणि नवरा-बायको हिरिरीनं भांडतात. भांडण्यासारखा विषय आहेच. पण भांडण चुकीच्या जागी चाललं आहे.

माझं मत आधीच सांगते. घर आवरण्यात लहान मुलांचा वाटा असलाच पाहिजे, मुलाचा तितकाच मुलीचा, आणि शाळेत जायच्या वयाआधीपासून असला पाहिजे. मात्र त्यासाठी 'वळण लागतं', 'पुढे उपयोगी पडतं' अशी जी कारणं दिली जातात, ती मला अपुरी वाटतात. मुलाच्या हातून काढून घेतलेलं काम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतं. आईच्या, थोरल्या बहिणीच्या, आजीच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या. 'मुलांनी काम करावं का' असं विचारताना आपण त्या दुसऱ्या माणसाला दृष्टीआड करतो. ते काम मग कुणी करायचं, हा प्रश्न मांडला की वादाचं सगळं रूपच बदलतं.

विरोधकांचा सर्वांत मोठा मुद्दा जातीचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. २०२३ च्या डिसेंबरात कोलार जिल्ह्यातल्या मालूर तालुक्यात एका निवासी शाळेत दलित मुलांना शौचालयाच्या टाकीत उतरवून ती साफ करायला लावल्याचं उघड झालं. राज्य हादरलं. मुलांना शौचालय साफ करायला लावू नये, असं शिक्षण खात्याला बजावावं लागलं. ज्यांच्या आज्या-पणज्यांना जन्मामुळेच झाडू धरावा लागला, त्या घरातल्या बापानं आपल्या मुलाच्या हातात झाडू बघून संतापू नये, असं कुणी कोणत्या तोंडानं सांगावं? तो संताप योग्य आहे. 'श्रमाला प्रतिष्ठा असते' हे वाक्य त्याला ऐकवणारा माणूस बहुधा स्वतःच्या घरातली न्हाणीही धूत नसतो.

आमच्या बेळगाव जिल्ह्यानं हा पेच शंभर वर्षांपूर्वी फार जवळून पाहिला आहे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेलं ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी त्याची उभारणी केली, हर्डीकरांच्या सेवादलाचे स्वयंसेवक राबले, आणि तिथल्या सफाईचं काम स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं होतं. पुढे चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत परिषदेसाठी निपाणीत आले. सफाईच्या कामाचा गौरव गांधीजींनी आयुष्यभर केला, आणि त्या गौरवावर सर्वांत कठोर टीका पुढे बाबासाहेबांनीच केली. सफाईचं काम चांगलं आहे असं फक्त अस्पृश्यांनाच सांगणं आणि बाकीच्यांना त्यातून मोकळं ठेवणं ही क्रूर थट्टा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मला या दोघांच्या मांडणीतून एकच निष्कर्ष निघताना दिसतो. काम घाण नसतं आणि पवित्रही नसतं. ते सगळ्यांच्या वाट्याला येतं की ठरावीक माणसांच्याच, यावर न्याय-अन्याय ठरतो.

वाटणी खरोखर समान केली तर काय होतं, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. सीमेपलीकडच्या कुंभोजात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह चालवलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहिली. स्वयंपाक, पाणी, झाडलोट पाळीपाळीनं सगळ्यांनी केली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं वाक्य आपण भिंतीवर वाचतो, पण त्यातला कळीचा भाग 'पाळी' हा होता. पाळी जात बघत नाही. मालूरमध्ये पाळी नव्हती, निवड होती, आणि ती कुणाची केली गेली हे सर्वांना माहीत आहे. म्हणून शाळेपुरतं माझं म्हणणं स्पष्ट आहे. शौचालयं साफ करणं हे पगारी, साधनं दिलेल्या, प्रौढ माणसाचं काम आहे, ते कुठल्याही मुलाला सांगू नये. वर्ग झाडायचा असेल तर हजेरीपटाच्या क्रमानं सर्वांनी झाडावा, त्यात सरपंचाचा मुलगाही यावा आणि गुरुजीही यावेत. हे जमत नसेल तर वर्गही झाडायला लावू नये. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या, जेवणानंतर आमची मुलं आपापली ताटं नळावर धुतात, त्यावर कधी कुणी आवाज उठवलेला ऐकला नाही. का? कारण तिथं प्रत्येकाचं ताट प्रत्येकाच्या हाती असतं.

घराची गोष्ट मात्र शाळेहून वेगळी आहे. शाळेत मूल परक्या सत्तेखाली असतं, नाही म्हणू शकत नाही. घर त्याचं असतं. पसारा त्यानं केलेला असतो, जेवण त्यानं जेवलेलं असतं. कायद्यानंही हा फरक ओळखला आहे. बालमजुरीविरोधी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली, पण शाळेच्या वेळेबाहेर आणि सुट्टीत, धोका नसलेल्या कामात घरच्यांना हातभार लावायला मुभा ठेवली. ती मुभा मला काळजीत टाकते, हेही सांगितलं पाहिजे. कारण तिचा भार मुलग्यांवर पडत नाही.

इथं दुसरा बिनतोड आक्षेप येतो. घरकामाचं कौतुक ऐकलं की आमच्या भागातल्या कितीतरी बायांना स्वतःचं बालपण आठवतं. निपाणीच्या बिडी वळणाऱ्या घरांत आई पाटावर बसली की धाकट्याला सांभाळणं, पाणी भरणं, भांडी घासणं सगळं थोरल्या लेकीवर. वडगाव-शहापूरच्या मागांच्या घरांत तेच, खानापूर तालुक्यात भाताच्या सुगीत तेच. पोरगी सातवीनंतर शाळेत दिसेनाशी व्हायची आणि 'घरात तिचा फार आधार आहे' असं लोक कौतुकानं म्हणायचे. मुलांनी घर आवरावं म्हणणं म्हणजे या मुलींच्या पाठीवर पुन्हा ओझं टाकणं नव्हे का?

होय, जपलं नाही तर तसंच होईल. देशाचं २०१९ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण पाहा. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्के. हे घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती, ते करणाऱ्या पुरुषाची ९७. पण या आकड्यांवरून 'मुलांना काम लावू नका' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मला विचारायचं आहे की मग मुलीची सुटका कशी होणार? मुलांना काम नको असं ठरवलेल्या घरात मुलगा खरोखर मोकळा सुटतो. मुलीला काम 'सांगितलं' जात नाही, ती आईजवळ असते म्हणून हळूहळू तिच्या हाती येतं. नियम नसलेल्या घरात जुनी रीतच नियम होते. मुलीला वाचवायचा रस्ता मुलाच्या हातातून जातो. म्हणून मी प्रत्येक आईबापाला एक परीक्षा सुचवते. मुलीला काम सांगण्याआधी विचारा, हेच काम, याच वेळी, तिच्या भावाला सांगितलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर ते काम तिलाही सांगू नका. आणि कुठलंही काम अभ्यासाच्या किंवा खेळाच्या वेळेवर चढत असेल, तर ते लहान मुलाच्या वाट्याचं नाही. ते मोठ्यांनी टाळलेलं काम आहे.

अभ्यासाच्या मुद्द्याला मी फार जागा देणार नाही. आमच्या मराठी शाळांतल्या मुलांना मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांची कसरत करावी लागते, पुढे एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या परीक्षेचा, धाक असतो, हे मान्य. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाचं दप्तर जागेवर ठेवणं आणि ताट उचलणं यानं एसएसएलसी बुडते, असं मानणारी माणसं त्याच मुलाच्या हातात जेवताना मोबाईल देतात. वेळेची टंचाई तिथं कुणाला आठवत नाही.

त्याहून कितीतरी जड आक्षेप आयांचा आहे, आणि तो मला मनापासून पटतो. लहान मूल मदतीला आलं की काम दुप्पट होतं. मेथी निवडायला बसलेलं तीन वर्षांचं पोर पानं टाकून देठ ठेवतं. ओसरी झाडतो म्हणून केर चारी दिशांना उडवतं. सकाळी साडेसातला डबा भरून उद्यमबागच्या कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात पोचायचं असलेल्या बाईनं हे कौतुकानं बघत बसावं? तिला 'मुलांना सामील करून घ्या' असं सांगणं म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम घालणं आहे. पालकत्वावरचे पुष्कळसे उपदेश इथंच खोटे पडतात, कारण ते गृहीत धरतात की शिकवणार आईच.

पण शिकवणारी आईच का असावी? हे काम बापाचं आहे. शिकवायला धीर लागतो आणि धीराला वेळ लागतो, आणि वर दिलेले आकडे सांगतात की घरात मोकळा वेळ कुणाकडे आहे. बाप रोज संध्याकाळी मुलाबरोबर बसून कपड्यांच्या घड्या घालू लागला, तर दोन गोष्टी एकदम घडतात. आईवरचं ओझं तेवढं हलतं, आणि घड्या घालणं हे बाईचं काम आहे ही समजूत मुलाच्या मनात रुजायच्या आधीच खुडली जाते. जेवून उठताना ताट तसंच ठेवणाऱ्या बापाच्या घरात, मुलगा लहानपणी हौसेनं ताट उचलतो आणि सात-आठ वर्षांचा झाला की थांबतो. त्याला कुणी थांबवलेलं नसतं. आपण कुठल्या गटातले आहोत, एवढं त्याला कळलेलं असतं.

लहान मुलाला ही हौस असते, हे मी भाबडेपणानं म्हणत नाही. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये अठरा महिन्यांच्या बाळांवर साधे प्रयोग केले. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली आणि ती त्याला घेता येईना, की बरीच बाळं न सांगता, कसलंही बक्षीस नसताना, ती उचलून द्यायला पुढे आली. दोन वर्षांनी त्याच दोघांना आणखी एक गोष्ट दिसली. मदतीबद्दल ज्या बाळांना वस्तू बक्षीस दिल्या, ती पुढे बक्षीस थांबल्यावर कमी मदत करू लागली. म्हणजे चॉकलेट आणि चांदण्यांचा तक्ता लावून आपण मुलाला कामाची गोडी लावत नाही, असलेली गोडी घालवतो. हौस निसर्गानं दिलेली आहे. 'सर बाजूला, तुला नाही जमायचं' असं आपण तीनदा-चारदा म्हटलं की ती ओसरते, आणि मग हेच मूल दहा वर्षांचं झाल्यावर आपण त्याला आळशी म्हणतो.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीत त्यांनी गरिबांच्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीनं ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. मुलांना झेपतील अशी रोजच्या जगण्यातली कामं हे शिक्षणच आहे, ही मॉन्टेसरींची दृष्टी त्यांनी महागड्या साधनांवाचून खेड्यात आणली. मुलाला खोटं खेळण्यातलं काम नको असतं. त्याला खरं काम हवं असतं, फक्त त्याच्या मापाचं.

आणि मापाचा प्रश्न थेट घराच्या रचनेशी जाऊन भिडतो. घर मोठ्यांच्या उंचीनं मांडायचं आणि मुलं आवरत नाहीत म्हणून ओरडायचं, हा अन्याय आहे. गणवेशाची खुंटी पाच फुटांवर असेल तर गणवेश जमिनीवरच पडणार. ती खाली आणा. खेळण्यांना कपाट नको, एक बुट्टी पुरे, आणि बुट्टीत मावतील तेवढीच खेळणी बाहेर. लहान दांड्याची केरसुणी, हलका तांब्या, हाताला येईल तिथं पाय पुसायचं पोतं. अडीच-तीन वर्षांचं मूल चपला ओळीत लावतं, खेळणी बुट्टीत टाकतं. चार-पाच वर्षांचं शेंगा सोलतं, लसूण निवडतं, रुमालांच्या घड्या घालतं. सहा-सातचं ताटं-वाट्या मांडतं, तुळशीला पाणी घालतं, आपला डबा विसळतं. नऊ-दहाचं अंथरूण काढतं, सोपा झाडतं. चूल, गॅस, बंब आणि विळी यांपासून लहानांना लांब ठेवायचं. फिनेल-ॲसिडच्या बाटल्यांपासूनही. शेतीच्या घरांत पिकांवर मारायची औषधं परड्यात कुठंही ठेवलेली असतात, 'जरा ती बाटली आण' असं मुलाला कधीच सांगू नये.

हे सगळं करूनही घर मोबाईलवरच्या चित्रफितींत दिसतं तसं चकाचक राहणार नाही, आणि ते राहू नये असं माझं ठाम म्हणणं आहे. चार वर्षांच्या मुलानं घातलेली घडी वाकडी असते. ती त्याच्यादेखत मोडून पुन्हा घालणारी आई किंवा आजी, नकळत त्याला सांगते की तुझं काम कामात धरलं जात नाही. टापटिपीची पातळी घरातल्या सर्वांत लहान माणसाला पेलेल इतपत खाली आणायला हवी. आमच्या जुन्या घरांना हे शहाणपण होतं. रोज घर झाडलेलं, सडा घातलेला, एवढं पुरे असायचं. मोठी आवराआवर वर्षातून एकदा, नवरात्राआधी दसरा काढताना. घरातल्या सगळ्या वाकळा, चादरी, पितळेची भांडी बाहेर, आणि मार्कंडेय, मलप्रभा, वेदगंगा, जी नदी जवळ तिच्या काठावर सगळं घर. पोरं साबणाच्या पाण्यातल्या वाकळा पायांनी तुडवायची, वाळत घातलेल्या वाकळांच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायची, पळत सुटलेली उशीची खोळ धरून आणायची. मी त्या काळाची भलामण करत नाही. ओल्या वाकळा पिळून बायांच्या कंबरा मोडायच्या आणि पुरुष बैलगाडीजवळ तंबाखू मळत बसायचे. मुलांच्या वाट्याला मात्र खरं काम यायचं, आणि ते सगळ्यांबरोबर मिळून असायचं, एवढंच त्यातलं घेण्यासारखं आहे.

जुन्या रीतीच्या कैवाऱ्यांशीही माझा झगडा आहे. पोरगं खोड्या करतं, मार्क कमी पडले, उलट बोललं, की 'जा, अंगण झाडून काढ.' शाळेत गृहपाठ केला नाही की वर्ग झाडायची शिक्षा. या एका सवयीनं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं लाडानंही केलं नसेल. झाडू ही शिक्षा असेल, तर रोज झाडू धरणारी माणसं कोण ठरतात? आपली आई, गल्ली झाडणाऱ्या नगरपालिकेच्या बाया, घरी येणाऱ्या मावशी, या सगळ्या जणी मुलाच्या हिशेबात शिक्षा भोगणाऱ्या ठरतात. जातीचा जो विखार मालूरला दिसला, त्याचं बी असंच पेरलं जातं, आणि पेरणाऱ्याला ते कळतही नाही.

हिंदवाडी-टिळकवाडीतल्या आमच्यासारख्या घरांत हा प्रश्न निराळ्या वेशात येतो. तिथं काम सांगायची वेळच येत नाही, मावशी सगळं करून जातात. मूल दूध सांडतं आणि उठून जातं, कारण कुणीतरी पुसणार आहे. त्या मावशी सकाळपासून तीन-चार घरं करून आलेल्या असतात. त्यांचं स्वतःचं मूल एखाद्या वेळी याच वयाचं असतं आणि तिकडं घर सांभाळत असतं. आपल्या मुलाचा पसारा त्या मुलाच्या आईच्या वेळातून उचलला जातो. त्यांना पगार मिळतो हे खरं, पण पगार फरशी पुसायचा मिळतो. धडधाकट सहा वर्षांच्या मुलाच्या चड्ड्या-मोजे जमिनीवरून वेचण्याचा नव्हे. मावशी येण्याआधी मुलांनी जमिनीवरच्या आपल्या वस्तू उचललेल्या असाव्यात, हा नियम श्रीमंतातल्या श्रीमंत घरालाही पाळता येतो, आणि तो मोडला तर पसारा मावशींनी तसाच ठेवावा, असं त्यांना मुलांसमोर सांगितलेलं असावं.

शाळा उघडल्यावर एसडीएमसीच्या बैठकीला जाणाऱ्या पालकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. शौचालयांच्या सफाईसाठी पगारी माणूस आणि पुरेसं पाणी मागा, ते मिळेपर्यंत मागतच राहा. त्याच बैठकीत, वर्ग मुलांनी झाडायचा की नाही हे मत मांडण्याआधी, समोर बसलेल्या बापांना विचारा की काल रात्री घरात जेवल्यावर ताट कुणी उचललं.